त्याला विचारले का?

पहाटेच्या अंधारात गावातून एखादी जीप निघते. मागच्या बाकावर दोन दांडगे पुतणे-भाचे, त्यांच्यामध्ये अंग चोरून बसलेला एक गृहस्थ, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी घरातला शिकला-सवरलेला माणूस. आळीतल्या बायका दारातून बघतात आणि न बोलता आत जातात. कुणी विचारलेच तर ‘देवाला चाललोय’ असे सांगायचे घरात आधीच ठरलेले असते. मधल्या गृहस्थालाही तेच सांगितलेले असते. प्रत्यक्षात जीप जाते ती एखाद्या व्यसनमुक्ती केंद्राच्या दाराशी.

अशा एका जीपमध्ये पुढच्या जागेवर मी बसलो होतो. मागे मधोमध बसला होता तो माझा धाकटा भाऊ. पंढरपूरला जायचे आहे असे आम्ही त्याला सांगितले होते. आदल्या रात्री तो आपण होऊन मला म्हणाला, “दादा, उद्या घेणार नाही बघ. देवाच्या दारात तोंडाला वास नको.” आणि खरोखरच त्याने घेतली नाही. सकाळी हात इतके थरथरत होते की सदऱ्याची बटणे त्याच्या बायकोने लावून दिली. कित्येक वर्षांत स्वतःच्या मनाने केलेला आणि पाळलेला त्याचा तो पहिला निश्चय होता, आणि आम्ही त्याच निश्चयाचा सापळा केला. पंढरपूरचा फाटा सोडून जीप दुसरीकडे वळली तेव्हा त्याने माझ्याकडे एकदाच पाहिले. पुढे तीन महिने तो माझ्याशी एक शब्दही बोलला नाही.

आम्ही वाईट हेतूने वागलो असे मी म्हणणार नाही. घरातली भांडी विकली जात होती, पोरे भेदरून झोपत होती. पण दारू हा विषय निघाला की आपल्याकडे ती पिणाऱ्याविषयी बोलतात, त्याच्याशी कुणी बोलत नाही. हीच चूक घरात होते आणि पुष्कळदा उपचाराच्या ठिकाणीही होते. आज मला बोलायचे आहे ते याच मुद्द्यावर. केंद्रात राहून घेतलेल्या उपचारांमध्ये रोग्याचा स्वतःचा वाटा किती असावा, तो त्याला कसा मिळावा, आणि आपण घरच्यांनी व शिक्षकांनी त्यात काय करावे?

प्रश्न लहानसहान नाही. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की, दारूवर शरीराने आणि मनाने अवलंबून असलेल्या ३८ माणसांपैकी कशीबशी एकालाच कसली तरी मदत मिळते; आणि दाखल होऊन उपचार घेण्याची संधी तर १८० जणांत एकाला. म्हणजे जो आत पोहोचला तो मोठ्या मुश्किलीने पोहोचलेला असतो. तेथून तो तसाच रिकामा परत आला, तर ते नुकसान केवढे!

प्रथम शरीराचे सांगतो, कारण तिथे अज्ञानाने जीव जातात. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर काही तासांतच हात कापू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. दोन-तीन दिवसांनी काहींना भलतेच दिसू-ऐकू लागते, दिवस-रात्रीचे भान राहत नाही. ही अवस्था जिवावर बेतू शकते. म्हणून ‘कोंडून ठेवा चार दिवस, आपोआप उतरेल’ असा सल्ला देणाऱ्याचे कधीही ऐकू नये. हा काळ डॉक्टरांच्या नजरेखाली, योग्य औषधे देऊन पार पाडायचा असतो. आमच्या जीपमध्ये त्या सकाळी हा धोका आमच्या शेजारी बसून प्रवास करत होता आणि मला, एम. ए. झालेल्या माणसाला, त्याचा पत्ता नव्हता.

आता हीच गोष्ट रोग्याच्या बाजूने पाहा. जे होणार आहे ते त्याला कुणी आधी सांगितले, तर तो ते सोसू शकतो. “आज रात्री झोप लागणार नाही. उद्या हात जास्त कापतील. परवापासून उतार पडेल. ही गोळी यासाठी आहे, आणि अमुक वाटू लागले तर लगेच हाक मारा,” एवढे बोलायला दोन मिनिटे लागतात. ज्याला हे सांगितले आहे तो तिसऱ्या रात्री म्हणतो, डॉक्टर बोलले तसेच चालले आहे. ज्याला सांगितले नाही त्याला वाटते, आपण आता मरणार, आणि तो भिंतीवरून उडी टाकून पळतो. मग आपण म्हणतो, बघा, याला सुधारायचेच नाही!

पहिल्या केंद्रात माझ्या भावाला कुणी काही सांगितले नाही. ते कोणते केंद्र हे सांगण्यात मतलब नाही. दारातच त्याचे घड्याळ आणि कपडे काढून घेतले, डोके भादरले, आणि नावाऐवजी खाटेचा नंबर घेऊन त्याला हाक मारू लागले. फॉर्मवर सही माझी होती. त्याची सही कुणी मागितलीच नाही. तीन महिने तो तिथे अगदी शहाण्यासारखा वागला. सांगतील तेव्हा उठला, सांगतील तेव्हा प्रार्थना म्हटली, चुकलो म्हणायला लावले तेव्हा चुकलो म्हटले. ‘तुमचा पेशंट आदर्श आहे’ असे मला फोनवर कळवण्यात आले. सुटला त्या दिवशी एस. टी. स्टँडवर मी तिकिटाच्या रांगेत उभा असताना तो समोरच्या दुकानात जाऊन पिऊन आला.

मी त्या वेळी कपाळावर हात मारला. पुढे विचार करताना ध्यानात आले की यात नवल काही नव्हते. तीन महिने त्याने एकही निर्णय स्वतः घेतला नव्हता. आणि स्टँडवर उभे राहिल्याबरोबर पहिलाच निर्णय घ्यायची वेळ आली, तीही सर्वांत अवघड. पोहायला शिकवतो म्हणून एखाद्याला तीन महिने काठावर खांबाला बांधून ठेवावे आणि मग एकदम विहिरीत ढकलून द्यावे, त्यातलाच हा प्रकार.

बरे, अशा वागवण्याला कायद्याचीही मान्यता नाही, हे पुष्कळांना माहीत नसते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. दारू व अंमली पदार्थांच्या सेवनामुळे होणारे मानसिक विकार त्यात स्पष्टपणे धरले आहेत. रोग्याला साखळीने बांधता येत नाही. एकटे कोंडून ठेवता येत नाही. सक्तीने डोके भादरता येत नाही. त्याला स्वतःचे कपडे घालायचे असतील तर गणवेशाची सक्ती करता येत नाही. केंद्रातले काम त्याच्या मर्जीविरुद्ध त्याच्याकडून करून घेता येत नाही, आणि काम केले तर त्याचा योग्य मोबदला मिळण्याचा हक्क आहे. ज्याला समजते-उमजते तो स्वतःच्या विनंतीने दाखल होतो आणि स्वतःच्या विनंतीने बाहेर पडू शकतो. काही विशिष्ट परिस्थितीत फार तर २४ तास त्याला तपासणीसाठी थांबवता येते. आजारामुळे ज्याची निर्णयशक्तीच त्या वेळी हरपली आहे, त्याच्यासाठी वेगळी तरतूद आहे. पण तिथेही दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावे लागते आणि मुदत प्रथम ३० दिवसांचीच असते. तेव्हा एखाद्या केंद्राची चौकशी करायला जाल, तर फी किती हे विचारण्याआधी नोंदणी आहे का, डॉक्टर केव्हा येतात आणि रोग्याला घरी फोन करता येतो का, हे विचारा. उत्तर द्यायला जो टाळाटाळ करील तिथे आपले माणूस ठेवू नका.

कुणी म्हणेल, “प्राध्यापक, तुम्ही हक्कांचे बोलता, पण दारूड्याला वठणीवर आणायचे तर थोडे दरडावायला नको का?” मलाही पूर्वी तसेच वाटे. अमेरिकेत विल्यम मिलर नावाचे मानसशास्त्रज्ञ झाले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली आपल्या अभ्यासाचे निष्कर्ष मांडले. सल्लागार रोग्याला जितके अधिक टोचून बोलला, त्याच्या तोंडावर चुका फेकत गेला, तितकी तो रोगी वर्षभरानंतर अधिक पीत असल्याचे दिसले. मिलर यांनी त्याआधी दहा वर्षे, १९८३ साली, एक निराळी रीत मांडली होती. रोग्याच्या मनात सोडावी आणि सोडू नये अशा दोन्ही गोष्टी एकाच वेळी नांदत असतात. आपण ‘सोड’ म्हणून जोर लावला की तो आपोआप ‘नको’ची बाजू घेतो. त्याऐवजी त्याला विचारत जावे, ऐकत जावे, आणि सोडण्याची कारणे त्याच्याच तोंडून येऊ द्यावीत. शिक्षक मंडळींना हे सहज पटावे. मुलाने स्वतः सोडवलेले गणित आणि फळ्यावरून उतरवून घेतलेले गणित यांतला फरक त्यांना मी काय सांगू?

आपल्या महाराष्ट्रात या वाटेने चाललेले काम आहे. पुण्याला येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉ. अनिता अवचट मनोविकारतज्ज्ञ होत्या. त्यांचे पती अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी मदतीचा हात पुढे केला, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्या मनोरुग्णालयाच्याच आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. अनिताताई १९९७ साली गेल्या, अनिल अवचट २०२२ साली. काम त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी पुढे नेले. तिथे दाखल झालेल्या माणसाला ‘रुग्णमित्र’ म्हणतात. हा शब्द मला मोलाचा वाटतो, कारण खाटेचा नंबर आणि हा शब्द यांतले अंतर मी माझ्या घरात पाहिले आहे. दुसरी गोष्ट म्हणजे, तिथे काम करणाऱ्यांत स्वतः व्यसनातून बाहेर पडलेली पुष्कळ माणसे आहेत. नव्याने आलेला मनुष्य समोरच्या खुर्चीकडे पाहतो आणि त्याला दिसते की काल आपल्या जागी बसलेला आज त्या खुर्चीवर बसला आहे. हे व्याख्यानाने होत नाही, माझ्या तर नाहीच.

एकाच्या आधाराने दुसरा उभा राहतो, आणि आधार देणाराही त्यानेच उभा राहतो, याची एक जुनी हकिगत आहे. १९३५ सालच्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअरदलाल अॅक्रन या गावी एका हॉटेलात एकटा होता. धंद्याचे काम फिसकटले होते. दारू सोडून पाच महिने झाले होते, आणि पलीकडे हॉटेलचा बार उघडा होता. त्याने काय करावे? गावातल्या पाद्रीलोकांना फोन लावायला सुरुवात केली, की मला तुमच्या गावातला एखादा दारूडा भेटवा, मला त्याच्याशी बोलायचे आहे! त्यातून त्याची गाठ डॉ. रॉबर्ट स्मिथ या शल्यचिकित्सकाशी पडली. दोघे तासन्‌तास बोलले. त्याच वर्षी १० जूनला स्मिथ यांनी अखेरचा घोट घेतला, आणि तो दिवस अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या संघटनेचा स्थापनादिन मानतात. लोक तिला ‘ए. ए.’ म्हणून ओळखतात. विल्सन त्या संध्याकाळी स्मिथ यांच्यावर उपकार करायला निघाला नव्हता. तो स्वतःला वाचवायला निघाला होता.

इथे एक शंका निघते. या संघटनेची पहिलीच पायरी अशी आहे की, दारूपुढे आमचे काही चालत नाही हे कबूल करणे. मग मी रोग्याच्या हाती सूत्रे द्या म्हणतो ते कसे? मलाही हे कोडे बरेच दिवस पडले होते. भावाने ते एका वाक्यात सोडवले. म्हणाला, “दादा, बाटलीपुढं माझं चालत नाही. पण बाटलीपुढं जायचं की नाही, तिथं चालतं.”

हे तो बोलला ते दुसऱ्या केंद्रातून आल्यावर. त्या वेळी जीप नव्हती, पंढरपूरही नव्हते. मी त्याला सरळ विचारले, आणि माफीही मागितली. माफी मागणे मला जड गेले. मोठ्या भावाने धाकट्याची माफी मागायची आपल्याकडे रीत नाही. तो दोन महिने ‘बघू’ म्हणत राहिला. मग एका रविवारी म्हणाला, “बघून तरी येऊ.” आम्ही नुसते बघून आलो. दाखल तो पुढच्या आठवड्यात झाला, स्वतःच्या सहीने.

तिथल्या समुपदेशक बाईंनी मला बाहेर बसवले. आत त्यांनी त्याला पहिला प्रश्न विचारला तो हा, “तुम्हाला काय म्हणून हाक मारू?” नंतर विचारले, “इथून जाताना तुम्हाला काय हवंय?” मला विचारले असते तर मी भाषण केले असते. तो म्हणाला, “पोरीच्या शाळेत पालकसभा असते. मला कुणी बोलवत नाही. एकदा शुद्धीत जाऊन बसायचंय.” बाईंनी ते त्याच्याच हाताने कागदावर लिहून घेतले, आणि तो कागद त्याच्यापाशीच ठेवला.

कोणते काम हाती घ्याल, बाग की स्वयंपाकघर, असे त्याला विचारले, आणि नको असेल तर नको, असेही सांगितले. शेतकरी माणूस, बाग मागेल असे सर्वांना वाटले. हा म्हणाला, “जन्मभर मातीतच राबलोय, इथं तरी चहा करू द्या.” चाळीस माणसांचा सकाळचा चहा त्याच्याकडे आला, आणि त्याबरोबर साखरेच्या कोठीची किल्ली. श्रोतेहो, घरी आम्ही त्याच्या हाती दहाची नोट देत नव्हतो! त्या किल्लीचे त्याला किती वाटले असेल याचा अंदाज मला त्या वेळी आला नाही. पुढे तो वर्षभर तिच्याविषयी बोलत होता. एकदा साखरेचा अंदाज चुकला, महिनाअखेरीला दोन दिवस फिका चहा झाला. सकाळच्या सभेत चाळीस जणांनी जाब विचारला. तो उभा राहिला आणि म्हणाला, “माप चुकलं, उद्यापासून मोजून टाकतो.” त्याने सबब सांगितली नाही, हे मला ऐकायला मिळाले तेव्हा मी ते दोनदा विचारून घेतले.

रोग्याला वाटा द्यायचा याचा अर्थ त्याचा प्रत्येक हट्ट पुरवायचा असा मात्र नाही. त्या केंद्रातही नियम होते, आणि कडक होते. फरक एवढाच की नियम का आहे ते सांगत, आणि तो बदलावा असे वाटले तर सभेत बोलता येई. उलट, खोटी निवड देणे हा रोग्याचा अपमानच आहे. पोळी घेणार की भात, एवढेच विचारायचे, आणि औषध कोणते, किती दिवस, पुढे कुठे जायचे हे सारे त्याच्या पाठीमागे ठरवायचे, यात काय अर्थ? मनुष्य आजारी असला तरी त्याला एवढे कळतेच.

आता घरच्यांविषयी. तो परत येतो तेव्हा आपण काय करतो? त्याचे खिसे तपासतो, तोंडाचा वास घेतो, बैल विकायचा तर त्याला न विचारता विकतो. माझी भावजय शहाणी निघाली. तो आला त्या दिवशी तिने बी-बियाण्याचे पैसे त्याच्या हातात ठेवले नाहीत, ते बरेच झाले. पण हिशेबाची वही त्याच्यापुढे ठेवली आणि कोणते बी घ्यायचे ते त्याला विचारले. पैसे दोन महिन्यांनी, थोडे थोडे करून दिले.

आणि तो पुन्हा घसरला तर? घसरतात पुष्कळ. माझा भाऊ आठ महिन्यांनी एका हळदीच्या कार्यक्रमात प्यायला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा मला फोन आला, “दादा, काल घेतली. केंद्रात फोन केलाय, गुरुवारी बोलावलंय.” पूर्वी हेच आम्हाला आठ दिवसांनी सावकाराकडून कळले असते. त्या दिवशी मी त्याला काही बोललो नाही. बोलण्यासारखे सारे त्याने आधीच केले होते.

शिक्षकांना माझी दोन मागणी आहेत. वर्गात अमक्याचा बाप पितो हे तुम्हाला ठाऊक असते. पालकसभेची चिठ्ठी तरीही बापाच्या नावाने पाठवा. तो चार वेळा येणार नाही, किंवा येऊ नये अशा स्थितीत येईल. तरी नाव गाळू नका. दुसरे असे की, ए. ए.च्या सभांना वर्गणी नसते आणि जागा मिळणे कठीण जाते. शाळेची एक खोली आठवड्यातून एका संध्याकाळी दिली तर शाळेचे काही बिघडत नाही. कुठे चौकशी करावी ते न समजले तर १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा सरकारी फोन आहे, आणि मनाच्या कोणत्याही त्रासासाठी टेली-मानस, १४४१६. तिथे मराठीतून बोलता येते. पैसे पडत नाहीत.

आमच्या तालुक्याच्या गावी अशी सभा शाळेच्या खोलीत भरते. मुलांच्या बुटक्या बाकांवर मोठी माणसे गुडघे मुडपून बसतात. भाऊ दर गुरुवारी साडेपाचच्या एस. टी.ने जातो. अलीकडे त्याच्याबरोबर वरच्या आळीतला एक जण असतो. “त्याला काय सांगून नेतोस?” असे मी विचारले.

“सांगत काही नाही,” तो म्हणाला. “येतोस का, एवढंच विचारतो. तीन वेळा नाही म्हणाला. चौथ्यांदा आला.”